बर्फातला टायर अरुंदच हवा. पटतंय का?

गारठलेला:
गाडी छोटी, इंजिनची ताकद पुढच्या चाकांना, टायर १८५/६० आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची). बर्फ तोंडावर आलाय आणि माझं ठरलंय: वेगळे हिवाळी टायर घ्यायचे, तेही अरुंद, १७५/७० आर १४. चाकाच्या व्यासात जेमतेम २.४ मिलिमीटरचा फरक, म्हणजे स्पीडोमीटर बिघडायचा नाही. ओल्या, पातळ बर्फात अरुंद टायर खालच्या रस्त्यापर्यंत घुसतो, रुंद वर तरंगतो. घरच्यांच्या मते हा नसता उद्योग. बोला.

निवांत:
घरचे बरोबर बोलतायत. ऑल-सीझन, म्हणजे बारमाही टायर घ्या आणि मोकळे व्हा. वर्षातून दोनदा चाकं बदला, उरलेले चार टायर कुठे ठेवायचे ते शोधा, हवेत कशाला ते उपद्व्याप? फक्त टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, हे चिन्ह बघून घ्या. ते बर्फावरची चाचणी पास झाल्याशिवाय मिळत नाही. नुसतं 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) तर कंपनी स्वतःच छापते.

गारठलेला:
ऑल-सीझन म्हणजे दोन्ही डगरींवर हात. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी रबर कडक व्हायला लागतं. आज पहाटे शेजाऱ्यांच्या हिवाळी टायरवर अंगठ्याचं नख दाबलं, रुतलं. माझ्या टायरवर दाबलं तर घसरलं. (शेजारी खिडकीतून बघत होते, ते सोडा.)

निवांत:
तुमचे आताचे टायर उन्हाळी आहेत हो! तुलना ऑल-सीझनशी करा.

घसरगुंडी:
दोघांनाही एक सांगते. पैसे वाचवायला मी एका वर्षी फक्त पुढे दोन हिवाळी टायर लावले. उतारावरच्या वळणावर एक्सिलरेटरवरून पाय काढला, पुढचं वळलं आणि मागचं सरळच निघालं. गाडी थांबली तेव्हा मी आले त्याच रस्त्याकडे तोंड करून बसले होते. छोट्या गाडीला मागे वजनच नसतं. काहीही घ्या, पण चारही सारखे.

आणि जुने घेणार असाल तर बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३८२१ म्हणजे २०२१ सालचा ३८वा आठवडा. खाचांची खोली ४ मिलिमीटरच्या खाली असेल तर बर्फासाठी नकोच.

निवांत:
चारही टायर सारखे, हे मान्य. पण गारठलेलासाहेब, ओल्या डांबरावर ब्रेक मारला की अरुंद आणि मऊ टायर जास्त लांब जातो. तुमच्याकडे बर्फाचे दिवस किती, आणि नुसत्या पावसाचे किती?

गारठलेला:
मोजले नाहीत. पण पावसात मी हळू चालवू शकतो. बर्फात हळू चालवूनही चढ चढत नाही, त्याचं काय?

घसरगुंडी:
काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर मात्र अरुंदपणाचा फारसा उपयोग नाही हं. तिथे रबर आणि त्यातल्या बारीक चिराच काय ते धरतात.

निवांत:
बरं, १४ची रिम ब्रेकच्या कॅलिपरवर (चाकाच्या आतल्या, ब्रेक दाबणाऱ्या चिमट्यावर) बसते का, ते बघितलंत?

गारठलेला:
आत्ता गाडीचं पुस्तक काढलं. १४ची रिम खालच्या मॉडेललाच आहे, माझ्या गाडीचे ब्रेक मोठे. म्हणजे १७५/६५ आर १५ बघावा लागणार. अरुंदचा हट्ट सोडलेला नाही, निवांत.

निवांत:
व्यास?

गारठलेला:
साडेपाच मिलिमीटरने जास्त. चालतंय.