पृथ्वी फिरते म्हणून नव्हे, वाऱ्यामुळे

इंदूरहून दुबईला जाताना विमानाला हिशेबापेक्षा जास्त वेळ का लागतो आणि परतीला कमी का, असा प्रश्न आहे, आणि पृथ्वी फिरते म्हणून, असं त्याचं उत्तर दिलं जातं. इंदूर–दुबई सुमारे 2,100 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 850, म्हणजे अडीच तास लागायला हवेत, हा हिशेब चूक नाही, पण अपुरा आहे. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं हे सगळं त्यात आलं. पण 'परतीला वेळ कमी लागतो कारण पृथ्वी फिरते' हे मात्र अजिबात पटत नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, विमानही त्या हवेतच असतं.

खरं कारण वारा. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर 10–12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे फार जोरात वारा वाहतो. तो ताशी 130 धरला तर जाताना जमिनीवरचा वेग 720 उरतो, येताना 980 होतो. एवढ्यावरच पाऊण तासाचा फरक पडतो! पावसाळ्यात हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, म्हणून जुलैत हा फरक बराच कमी होतो. त्यामुळे जानेवारीत दुबईत पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा, विशेषतः आई-बाबा एकटे जात असतील तर.

आणि हो, तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून दुपारी 12 ला निघून साडेचारला इंदूरला उतरलात तरी प्रवास तीनच तासांचा असतो.