मॅन रे यांची कॅमेऱ्याविना केलेली छायाचित्रे: श्रेय अपघाताचे की कलावंताचे?

प्रश्न: कलाशिक्षिका, दारव्हा तालुका (यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. मी एका खेड्यातील माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. नववीच्या वर्गाला छायाचित्रणाची ओळख करून देताना मॅन रे (१८९०–१९७६) यांची कॅमेऱ्याविना केलेली छायाचित्रे दाखवावीत, असे माझ्या मनात आहे. हे अतिवास्तववादी (स्वप्नातल्यासारख्या, तर्कापलीकडच्या प्रतिमा मांडणारे) कलावंत जन्माने अमेरिकी होते, पण त्यांचा बराच काळ पॅरिसमध्ये गेला. आमच्या मुलांच्या घरी कॅमेरा म्हणजे मोबाइल, आणि छायाचित्र म्हणजे समोर दिसते त्याची नक्कल, अशी त्यांची समजूत आहे. ही समजूत तपासून पाहायला या कलावंताइतका योग्य माणूस मला सुचला नाही.

अडचण अशी आहे की, त्यांच्याविषयी जे काही वाचावे त्यात अपघाताचीच कथा येते. १९२१–२२ च्या हिवाळ्यात पॅरिसमधील हॉटेलच्या खोलीत पॉल प्वारे या फॅशनकाराची छायाचित्रे छापताना एक कोरा कागद डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) गेला, त्यावर त्यांनी काचेचे नरसाळे, मोजमापाचा पेला आणि तापमापक ठेवला, दिवा लावला आणि आकृती उमटली, ही एक कथा. पुढे सोलरायझेशनचा, म्हणजे डेव्हलप होत असलेल्या निगेटिव्हला मध्येच प्रकाश देण्याच्या तंत्राचा, शोधही डार्करूममध्ये चुकून दिवा लागल्याने झाला, ही दुसरी. त्यांचा पहिला चित्रपटही आयत्या वेळच्या घाईत तयार झाला म्हणतात. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या सरांनी मला सरळ विचारले की, सारे अपघाताने घडले असेल तर त्यात कलावंताचे काय, आणि कागदावर पाने ठेवून उन्हात चित्रे काढण्याचे काम छायाचित्रणाचे इंग्रज प्रवर्तक फॉक्स टॅल्बट यांनी १८३० च्या दशकातच केले होते, त्याचे काय? माझे उत्तर मलाच अपुरे वाटले. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

आणखी एक विनंती. तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या एका स्टुडिओतून मुदत संपलेल्या ब्रोमाइड कागदाची (छायाचित्रे छापायच्या, प्रकाशाने काळवंडणाऱ्या कागदाची) काही पाकिटे मिळाली आहेत. डार्करूम नाही. मुलांकडून त्यावर काही करून घेता येईल का?

उत्तर: निवृत्त छायाचित्रकार, आर्वी (वर्धा)

ताई, नमस्कार. आर्वीला माझा स्टुडिओ होता आणि कृष्णधवल छपाई मी स्वतः करीत असे, म्हणून अपघाताच्या मुद्द्यावर अनुभवाने बोलतो. कोरा कागद ट्रेमध्ये जाणे, मध्येच कुणी दार उघडल्याने कागदाला प्रकाश लागणे, एका कागदावर दुसरा कागद चिकटणे, हे प्रत्येक डार्करूममध्ये घडत आले आहे. असा कागद आम्ही टाकून देत असू, कारण गिऱ्हाइकाला लग्नाचा किंवा परीक्षेच्या अर्जाचा फोटो हवा असे आणि कागद महाग असे.

मॅन रे यांचे निराळेपण त्या एका कागदात नाही, त्यानंतरच्या कागदांत आहे. त्यांनी लगेच खोलीतील हाताला लागेल ती वस्तू घेतली: हॉटेलच्या खोलीची किल्ली, हातरुमाल, पेन्सिली, ब्रश, मेणबत्ती, दोरीचा तुकडा. कागद आधी ओला करण्याची गरज नाही, कोरड्या कागदावर वस्तू मांडून काही क्षण दिवा लावावा आणि मग कागद डेव्हलपरमध्ये घालावा, हेही त्यांच्या ध्यानात आले. अपघाताची रीतसर पद्धत करणे म्हणतात ते हेच. १९२२ मध्येच त्यांनी अशा बारा चित्रांचा ‘शाँ देलिसिय’ हा संच काढला आणि त्याला कवी त्रिस्तान त्झारा यांनी प्रस्तावना लिहिली. अशा चित्राला निगेटिव्ह नसते, प्रत्येक चित्र एकच असते, म्हणून संचासाठी त्यांना मूळ चित्रांची पुन्हा छायाचित्रे घ्यावी लागली.

ती चित्रे लक्षपूर्वक पाहिली तर हाताची तयारी दिसते. अपारदर्शक वस्तू कागदाला टेकली तर ठळक पांढरा आकार मिळतो. तीच वस्तू थोडी उचलून धरली तर कडा मऊ होतात. काचेचे नरसाळे प्रकाश पूर्ण अडवीत नाही, तो वाकवते, त्यामुळे करड्या रंगाच्या अनेक छटा मिळतात आणि वस्तू आतून उजळल्यासारखी वाटते. दिवा सरकवला तर एका वस्तूच्या दोन सावल्या पडतात. एकदा प्रकाश देऊन वस्तू हलवली आणि पुन्हा प्रकाश दिला तर एक आकार दुसऱ्यातून आरपार गेलेला दिसतो. हे सारे आधी डोळ्यांपुढे आणावे लागते, कारण काम चालू असताना कागदावर काहीच दिसत नाही. मी या धंद्यात आयुष्य काढले, पण काचेच्या पेल्याची सावली किती प्रकारची असू शकते हे मला त्यांच्या चित्रांनी शिकवले.

सोलरायझेशनचेही तसेच आहे. निगेटिव्ह अर्धवट डेव्हलप झालेली असताना तिला प्रकाश लागला की तोवर न काळवंडलेले भाग काळवंडू लागतात. उजळ आणि गडद भागांच्या सीमेवर मात्र डेव्हलपरची क्रिया मंदावते, तिथे निगेटिव्हमध्ये एक स्वच्छ रेघ राहते आणि छपाईत ती चेहऱ्याभोवती पेन्सिलने ओढल्यासारखी काळी उमटते. दिवा क्षणभर जास्त लागला तर सगळे राखाडी होऊन जाते. ती रेघ हवी तिथे आणि हवी तितकीच आणायला किती फिल्म वाया जाते, हे ज्याने करून पाहिले त्यालाच कळेल.

उत्तर: एक वाचक, वरुड (अमरावती)

आर्वीच्या काकांनी तंत्राची बाजू फार चांगली मांडली आहे. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे: अपघाताच्या या कथेवरच आपण जरा कमी विसंबावे. ती मॅन रे यांनी स्वतः १९६३ च्या आत्मचरित्रात, म्हणजे सुमारे चाळीस वर्षांनी सांगितली. ज्या त्झारांनी संचाची प्रस्तावना लिहिली, त्यांना क्रिस्टियान शाड या चित्रकाराने १९१९ च्या सुमारास केलेली याच प्रकारची चित्रे ठाऊक होती, त्यांतले एक त्यांच्या नियतकालिकात १९२० मध्ये छापूनही आले होते. टॅल्बट यांच्यानंतर ॲना ॲटकिन्स या इंग्रज वनस्पती-अभ्यासक बाईंनी १८४३ पासून समुद्रशैवालांची निळी सावलीचित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तेव्हा पद्धत मॅन रे यांनी शोधली नाही, हे विज्ञानाच्या सरांचे म्हणणे आपण मोकळेपणाने मान्य करावे. टॅल्बट आणि ॲटकिन्स यांना पान किंवा शैवाल ओळखू यावे असे वाटत होते. मॅन रे यांना किल्ली किल्ली म्हणून ओळखू आली तरी ती कुठल्या जगातली आहे हे कळू नये, असे वाटत होते. तंत्र तेच असले तरी त्याच्याकडून घेतलेले काम निराळे आहे.

दुसरे असे की, त्या रात्रीच्या आधीची दहा वर्षे पाहिली तर अपघाताला फारशी जागा उरत नाही. त्यांचे मूळ नाव इमॅन्युएल रॅडनित्स्की. जन्म फिलाडेल्फियाचा, बालपण ब्रुकलिनमध्ये गेले. वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला होते आणि घरीही शिलाईकाम करीत. १९११ मध्ये मुलाने सुटाच्या कापडाचे नमुने जोडून एक कलाकृती केली. १९२० मध्ये शिवणयंत्र घोंगड्यात गुंडाळून दोरीने बांधले. १९२१ मध्ये इस्त्रीच्या तळाला चौदा खिळ्यांची रांग चिकटवून तिला ‘भेट’ असे नाव दिले. ज्या घरात वडिलांचे यंत्र आणि इस्त्री चालते तिथला मुलगाच हे करू शकतो, असे मला ठामपणे वाटते, आणि तुमच्या वर्गातील शिंपीकाम करणाऱ्या घरांतल्या मुलांना ही इस्त्री लगेच समजेल.

त्याहून महत्त्वाची आहेत १९१७ ते १९१९ या काळातील त्यांची एरोग्राफ चित्रे. नोकरीत जाहिरातीच्या कामासाठी वापरायची रंगाची फवारणी-बंदूक त्यांनी चित्रांसाठी घेतली, कागदावर आकार आणि वस्तू ठेवल्या आणि वरून रंग फवारला. आपल्याकडे ट्रकवर नाव रंगवणारे पेंटर स्टेन्सिल लावून फवारा मारतात, तीच ही रीत. हॉटेलच्या खोलीत रंगाच्या जागी प्रकाश आला, इतकेच. १९२० मध्ये त्यांचे कलावंत मित्र मार्सेल द्युशाँ यांच्या न्यूयॉर्कमधील स्टुडिओत आडव्या ठेवलेल्या काचेवर साचलेल्या धुळीचे त्यांनी सुमारे तासभराच्या एक्स्पोजरने छायाचित्र घेतले, तेही याच वाटेवरचे आहे. पुढे एका नियतकालिकात ते विमानातून टिपलेले दृश्य म्हणून छापले गेले, आणि पाहताना खरोखरच मार्च महिन्यातली उलंगवाडी झालेली शेते वरून पाहत आहोत असे वाटते.

श्रेयाचा प्रश्न निघालाच आहे तर तो ली मिलर यांच्याबाबतीत विचारावा. १९२९ मध्ये त्या पॅरिसला येऊन मॅन रे यांच्या सहकारी झाल्या. डार्करूममध्ये पायावरून काहीतरी गेल्याने दचकून दिवा त्यांनीच लावला आणि नंतर सोलरायझेशन दोघांनी मिळून घडवले, असे त्या सांगत. अनेक वर्षे मात्र हे तंत्र एकट्या मॅन रे यांच्या नावावर राहिले आणि मिलर यांची ओळख ‘त्यांची मॉडेल’ अशी होत राहिली. १९४५ मध्ये डाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांची छायाचित्रे घेणारी युद्धछायाचित्रकार हीच. पुढे नामवंत छायाचित्रकार झालेल्या बेरेनिस ॲबट यांनीही छपाईचे धडे १९२३ पासून मॅन रे यांच्याच डार्करूममध्ये गिरवले. आणि १९२६ च्या ‘न्वार ए ब्लांश’ या प्रसिद्ध छायाचित्रात किकी या मॉडेलचा चेहरा आहे, शेजारी आफ्रिकी मुखवटा आहे, पण तो कोरणाऱ्या कारागिराचे नाव कुठेच नाही. मुलांना हे छायाचित्र दाखवले तर ही गोष्टही सांगावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

जाता जाता एक मराठी धागा. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) आणि कागलच्या घाटगे घराण्यातून आलेल्या महाराणी संयोगिताराजे यांची छायाचित्रे मॅन रे यांनी १९३० च्या सुमारास घेतली आहेत. त्यांत दरबारी थाट नाही, दोन तरुण माणसे एकमेकांजवळ बसलेली आहेत.

उत्तर: चित्रपट अभ्यासक, ब्रह्मपुरी (चंद्रपूर)

चित्रपटांबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून थोडी भर घालतो. १९२३ च्या जुलैमध्ये त्झारांनी पॅरिसच्या मिशेल नाट्यगृहात ‘दादा’ या बंडखोर कलाचळवळीतील मंडळींचा एक कार्यक्रम ठरवला आणि कार्यक्रमपत्रिकेत मॅन रे यांच्या चित्रपटाचे नाव आधीच छापून टाकले. चित्रपट तयारच नव्हता. मॅन रे यांनी कोऱ्या फिल्मच्या पट्ट्या अंधारात पसरल्या, काहींवर मीठ आणि मिरपूड भुरभुरली, काहींवर टाचण्या आणि खिळे टाकले, क्षणभर दिवा लावला आणि डेव्हलप केल्या. त्यांना आधीचे काही तुकडे जोडले: जत्रेतील फिरत्या चक्राचे रात्रीचे दिवे, हवेत फिरणारी कागदाची गुंडाळी, खिडकीच्या पडद्यातून किकीच्या अंगावर पडलेले प्रकाशाचे पट्टे. हाच ‘ल रतूर आ ला रेझाँ’, सुमारे तीन मिनिटांचा. प्रयोगात फिल्म तुटली आणि त्या संध्याकाळचा शेवट मारामारीत झाला.

विज्ञानाच्या सरांना यातली एक बाब नक्की आवडेल. टाचण्या फिल्मवर टाकताना दोन चौकटींमधल्या सीमेचा विचार केलेलाच नाही. प्रोजेक्टर मात्र त्या पट्टीचे समान तुकडे करून एकामागून एक दाखवतो. त्यामुळे जी टाचणी जागची हललीच नाही ती पडद्यावर उड्या मारताना दिसते. हालचाल वस्तूत नसून यंत्रात आहे, हे याहून स्वच्छ दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

१९२६ च्या ‘एमाक बाकिया’मध्ये त्यांनी चालू कॅमेरा हवेत उंच फेकून झेलला, आणि शेवटी किकीच्या मिटलेल्या पापण्यांवर डोळे रंगवले. १९२८ चा ‘लेत्वाल द मेर’ हा रॉबेर देस्नोस यांच्या कवितेवर बेतलेला आहे आणि त्यातील बरीच दृश्ये जिलेटिनच्या थरातून, धुकट अशी घेतली आहेत. चौथा, १९२९ चा, नोआय या कलाश्रयदात्या दांपत्याच्या दक्षिण फ्रान्समधील येर येथील आधुनिक वाड्यात चित्रित झाला. त्यानंतर बोलपट आला आणि त्यांनी चित्रपटाकडे जवळजवळ पाठ फिरवली. मला याची खंत वाटते. नववीच्या मुलांसाठी पहिल्या चित्रपटातील फक्त मीठ-टाचण्यांचा भाग निवडावा, कारण त्याच चित्रपटातील किकीच्या दृश्यात, इतर काही चित्रपटांत आणि त्यांच्या अनेक छायाचित्रांत नग्नता आहे.

प्रतिसाद: कलाशिक्षिका, दारव्हा तालुका

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. एरोग्राफ चित्रांपासून सुरुवात करावी आणि हॉटेलच्या खोलीची कथा त्यानंतर सांगावी, असे आता ठरवते आहे, म्हणजे मुलांना तिच्यातला तयारीचा भाग आधी दिसेल. ली मिलर यांच्यासाठी वेगळा तास घेईन. काका, कागदाविषयी आपण काही सांगाल का?

उत्तर: निवृत्त छायाचित्रकार, आर्वी (वर्धा)

ताई, डार्करूमची गरज नाही. घरातल्या मंद उजेडात पाकीट उघडावे, कागदाच्या चकाकत्या बाजूवर वस्तू मांडाव्यात, सपाट वस्तू असल्यास वर काच ठेवावी आणि सारे उन्हात न्यावे. डेव्हलपर न वापरताही ब्रोमाइड कागद उन्हात हळूहळू जांभळट, तपकिरी किंवा गुलाबीसर होत जातो. एप्रिलमधल्या आपल्याकडच्या उन्हात पंधरा ते तीस मिनिटे पुरावीत, पण कागद जुना असल्याने आधी एका तुकड्यावर पाहून घ्यावे. मग पाण्यात धुऊन हायपोच्या (चित्र पक्के करणाऱ्या रसायनाच्या) सौम्य द्रावणात ठेवावा आणि पुन्हा भरपूर पाण्याने धुवावा. हायपोत रंग बराच फिका पडतो, म्हणून उन्हात थोडे जास्तच गडद होऊ द्यावे. हायपोत हात घालताना मुलांना मोजे द्यावेत.

वस्तू मुलांनीच आणाव्यात. फुटलेले कपाशीचे बोंड अवश्य ठेवा: टरफल प्रकाश पूर्ण अडवते आणि कापूस थोडा जाऊ देतो, त्यामुळे एकाच वस्तूत दोन्ही प्रकार दिसतात. चाळणी, काचेचा पेला, पळसाचे जाळीदार झालेले पान, बैलाच्या गळ्यातील घुंगरमाळ हेही चालेल. मात्र ऊन सरळ डोक्यावर असताना सावल्या आखूड पडतात. सकाळी नऊच्या सुमारास पेला ठेवला तर त्याची लांब, वाकलेली सावली मिळेल आणि मॅन रे यांच्या नरसाळ्याशी तिची तुलना करता येईल. कागद संपला तर विज्ञानाच्या सरांना सायनोटाइपबद्दल, म्हणजे ॲटकिन्स यांच्यासारखी निळी चित्रे करण्याच्या रीतीबद्दल, विचारावे. त्याला लागणारी दोन रसायने प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्यांकडे मिळू शकतात, साध्या चित्रकलेच्या कागदावर ती लावता येतात आणि चित्र फक्त पाण्याने धुतले की पक्के होते.