मदत हवी आहे: गणपतीच्या आधी चांगला सोफा घ्यायचा आहे, कुठून घेऊ?

मृण्मयी_वि
नमस्कार. घरातला सोफा पार गेलाय. बसलं की मध्ये खड्डा पडतो, आणि वरच्या लेदरचे पापुद्रे सुटून धाकट्याच्या पावलांना चिकटतात, घरभर काळा कचरा होतो. घेऊन चारच वर्षं झाली. या वेळी दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण चांगला हवा. कोणता घेऊ आणि कुठून? गणपतीच्या आधी घरात यायला हवा. रविवारी बघायला निघायचंय, लवकर सांगा प्लीज.

ठाणेकर७७
बजेट? हॉलचं माप? थ्री सीटर की एल?

मृण्मयी_वि
बजेट असं ठरवलं नाहीये. हॉल नेहमीसारखाच आहे. एल शेप बरा पडेल बहुतेक, सगळ्यांना एकत्र बसता येतं.

ठाणेकर७७
नेहमीसारखा म्हणजे किती बाय किती? दादरचा नेहमीसारखा वेगळा आणि घोडबंदरचा वेगळा. लिफ्ट आहे का, दार किती रुंद आहे, हे कळल्याशिवाय कुणी काही सांगू शकणार नाही.

रंधा_आणि_पटाशी
ताई, रेडीमेडच्या वाटेला जाऊच नका. सुतार घरी बोलवा. मी २०१६ साली सागाची फ्रेम करून घेतली, आजही जराही हलत नाही. रेडीमेडमध्ये कापडाखाली पॅकिंगचं पाइन असतं. सोफा उलटा करून खालचं काळं कापड सोडवलंत की तुम्हालाच दिसेल.

पार्ल्याची_प्रिया
ओशिवऱ्याला जा. जोगेश्वरी पश्चिमेला रिलीफ रोडवर दुकानांची रांगच आहे. राम मंदिर स्टेशनला उतरून रिक्षा केली की झालं. माप द्या, कापड निवडा, ते बनवून देतात. मला थ्री सीटर ४२ हजारांना पडला, घासाघीस करून. कल्याण-डोंबिवलीकडच्यांना उल्हासनगर बरं.

रंधा_आणि_पटाशी
तिथेही आत काय घालतात ते तुम्ही बघायला थांबता का? लाकूड माझ्या डोळ्यांसमोर कापलं गेलं पाहिजे.

पार्ल्याची_प्रिया
मी थांबले होते. कापड चढवायच्या आधी फ्रेम बघायला येईन असं ऑर्डर देतानाच सांगितलं आणि गेले. आजच्या भावात सागाची अख्खी फ्रेम सगळ्यांना परवडत नाही हो. आणि दादर-पार्ल्याच्या वनरूम किचनमध्ये सुतार पंधरा दिवस बसणार कुठे? मुलांच्या परीक्षा, भुसा, पॉलिशचा वास.

फोमवाला_मित्र
माझं काम याच धंद्यातलं आहे म्हणून सांगतो. लाकडावर भांडण होतं, पण सोफा आधी खचतो तो फोममुळे. सीटला ४० डेन्सिटी मागा, निदान ३२. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. त्यामुळे ती तपासता येते. २४ × २४ × ५ इंची सीटचा फोम ४० डेन्सिटीचा असेल तर साधारण १.९ किलो भरतो, ३२ चा दीड किलो. एक-सव्वा किलो भरला तर दुकानदार काहीही म्हणो, तो हलका माल आहे. चेन उघडा, फोम बाहेर काढा, ताणकाट्याला लावा. रंगीबेरंगी तुकडे चिकटवलेला दिसला तर तो रीबॉन्डेड. तो जड असतो, त्याला हा हिशोब लागू नाही.

ठाणेकर७७
पण ४० डेन्सिटी म्हणजे दगडासारखं नाही का? माझ्या मेव्हण्याने घेतला, पाहुणे टेकून बसतच नाहीत.

फोमवाला_मित्र
डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४० मध्ये मऊही मिळतो आणि कडकही. डेन्सिटीवरून टिकेल किती ते कळतं, बसायला कसा ते बसूनच कळतं. दुकानात दोन मिनिटं टेकून उठू नका, पंधरा मिनिटं बसा.

अवनी_के
कापडी घेणार असाल तर हळदीच्या डागाला साबण आणि पाणी लावून ती जागा उन्हात ठेवा. उन्हाने हळद उडते. आमच्याकडे वरणाचा डाग दोन दिवसांत गेला.

रंधा_आणि_पटाशी
मधलं प्लाय कोणतं घालणार तेही विचारा. मुंबईच्या हवेत साधं एमआर, म्हणजे नुसता ओलसरपणा सोसणारं प्लाय फुगतं. आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन, म्हणजे पाण्यातही टिकणारं घ्या.

पार्ल्याची_प्रिया
पुन्हा तेच. सोफा काय पाण्यात ठेवणार आहेत? मरीन स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठीक आहे. हॉलमध्ये त्याच्या खालोखालचं बीडब्ल्यूआर प्लाय पुरतं.

मृण्मयी_वि
अहो, प्लायचं राहू द्या. लेदर घेऊ की कापड, एवढं सांगा. आणि एल शेप मिळेल ना ओशिवऱ्याला?

फोमवाला_मित्र
तुमचं सोललं ते लेदर नव्हे, लेदरेट. कापडावर पीयूचा, म्हणजे एका प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. दमट हवेत तो आपोआप तुटत जातो, बसा नाहीतर बसू नका. खऱ्या चामड्याला आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी येते, सतत पुसत राहावं लागतं. लहान मूल आहे तर जाड विणीचं कापड घ्या, कव्हर चेनचं, धुता येईल असं.

सुलभाकाकू_गिरगाव
मृण्मयी, घरात वयस्कर कोण आहे गं?

मृण्मयी_वि
सासूबाई आहेत, ७४ वर्षांच्या. दोन्ही गुडघे दुखतात. सोफ्यावरून उठवायला कुणीतरी हात द्यावा लागतो. म्हणूनच तर बदलायचाय.

सुलभाकाकू_गिरगाव
अगं, मग हे पहिल्यांदा सांगायचं! सगळं यावर ठरतं. माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा फिजिओथेरपिस्टनी मला आधी बसायच्या जागेची उंची मोजायला लावली होती. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर गेले तर माणसाला उठताच येत नाही. सासूबाई घरातल्या कोणत्या खुर्चीवरून आपल्या आपण उठतात ते बघ आणि ती मोज. मग त्यांना सोफ्यावर बसव आणि त्या बसलेल्या असतानाच जमिनीपासून सीट किती वर राहते ते मोज. रिकाम्या सोफ्याची उंची फसवते.

दुसरं म्हणजे सीट पुढून पाठीपर्यंत किती खोल आहे ते. हल्लीचे सोफे २४ इंच खोल असतात. बुटकी बाई पाठ टेकवून बसली की पाय लोंबकळतात, मग पुढे सरकून बसते, मग पाठ दुखते. २०-२१ बघ. हात भक्कम आणि पुढपर्यंत आलेले हवेत, उठताना त्यांच्यावरच भार येतो. एल शेपच्या लांब बाजूला तर हातच नसतो.

माहीमचा_मंगेश
काकूंना अनुमोदन. आणि एल शेप घेतलात तर मखर कुठे मांडणार? आम्ही घेतला, तो कोपऱ्यातून हलत नाही. दरवर्षी एक तुकडा बाहेर पॅसेजमध्ये काढून ठेवतो, त्यावर प्लॅस्टिक. मागच्या वर्षी पाऊस आत येऊन त्याची एक बाजू भिजली.

चाळीतला_चंदू
त्यापेक्षा शिसवी झोपाळा लावा. आमच्या आजोळी होता, चारजण बसायचे.

ठाणेकर७७
गुडघे दुखणाऱ्या बाईला हलत्या झोपाळ्यावरून कसं उठवणार, चंदू?

मृण्मयी_वि
मोजलं. सासूबाई स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवरून आरामात उठतात, ती १८ इंच आहे. सोफा रिकामा १७ भरला. त्या बसल्यावर पुढच्या कडेला टेप लावला तर साडेतेरा. मी दोनदा मोजलं. गेली दोन वर्षं आम्ही त्यांना 'जरा जोर लावा ना आई' म्हणत होतो. फार वाईट वाटलं.

हॉल १० बाय १३. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना लाकडी आणि मध्ये वळण. दार अडीच फुटांचं. मखर सोफ्याच्याच भिंतीला असतं, ते माझ्या लक्षातच नव्हतं.

पार्ल्याची_प्रिया
मग एल सोडाच. एक टू सीटर आणि सासूबाईंसाठी हातांची वेगळी खुर्ची, दोन्ही हलकी. गणपतीत दोघंजण उचलून आत ठेवतील. ऑर्डर देताना 'माणूस बसल्यावर १८' असं बिलावरच लिहून घ्या.

फोमवाला_मित्र
खुर्चीच्या सीटला ४० चा कडक फोम, खाली बेल्टऐवजी, म्हणजे ताणलेल्या पट्ट्यांऐवजी, प्लाय. ठाम राहील, खचणार नाही. टू सीटरला बेल्ट चालतील, पण जवळजवळ आणि आडवे-उभे विणलेले. आणि सासूबाईंना सोबत न्या, त्यांना बसवून बघा.

मृण्मयी_वि
त्यांना ट्रेनने ओशिवऱ्यापर्यंत नेणं कठीण आहे. टॅक्सी करते. जिन्याच्या वळणाचं काय करू?

रंधा_आणि_पटाशी
पाय स्क्रूचे मागा, चढवताना काढता येतात. पाठ बोल्टची करून घ्या, वेगळी वर नेता येते. तरी नाही वळली तर गॅलरीतून दोरीने घ्यावी लागेल, त्यासाठी गॅलरीचं ग्रिल उघडतं का ते आजच बघून ठेवा. आणि वळणावरची जिन्याची रुंदी कठड्यापासून भिंतीपर्यंत मोजा, पायरीची नको.

मृण्मयी_वि
ग्रिलला कुलूप आहे, किल्ली खालच्या मजल्यावरच्या काकांकडे. आत्ताच जाऊन आणते.