मदत हवी: सीएस २ च्या कॉलेज लॅनमध्ये ५ वि. ५ ऐवजी ४ वि. ४ ठेवलं तर गेम बिघडेल का?

निळा_स्मोक
काउंटर-स्ट्राइक २ (सीएस २, टीमने खेळायचा शूटिंग गेम) ची एक दिवसाची लॅन स्पर्धा आहे, सगळे पीसी एकाच नेटवर्कवर. नावं आलीत २४, पीसी १६. पाच-पाचच्या टीम केल्या तर चार जण उरतात आणि एका वेळी एकच मॅच होते. चार-चारच्या केल्या तर सहा टीम बसतात, दोन मॅच एकदम चालतात. हिशोब चारच्या बाजूने आहे, पण खेळाचं काय? मॅप, राउंडची वेळ, गेममध्ये बंदुका घ्यायचे पैसे यांत काही बदलावं लागेल का?

आधी_ट्रेड
चालेल, पण पाचवा हिस्सा कमी झाला एवढंच समजू नका. माणसं घटतात, मॅप तेवढाच राहतो. मिराज मॅपवर सीटी (ए आणि बी या दोन बॉम्ब-साइट राखणारी टीम) साधारण ए वर एक, मधल्या भागात म्हणजे मिडकडे कनेक्टरला एक, विंडोत एक आणि बी वर दोन असे उभे राहतात. बी वरचा एक काढला तर उरलेल्याला अपार्टमेंट्स आणि शॉर्ट दोन्ही धरता येत नाहीत, शिवाय तो पडला की ट्रेड (मारणाऱ्याला लगेच उलट मारणं) घ्यायला जवळ कुणी नाही. कनेक्टरचा काढला तर मिड फुकट जातं आणि तिथून टी (हल्ला करणारी टीम) दोन्ही साइटवर घुसतात. त्यातल्या त्यात बी वरचाच काढा. मात्र बी वाल्याने किल घ्यायच्या नादी लागू नये. आवाज द्यायचा, मॉली (आगीचा ग्रेनेड) टाकून वेळ काढायचा आणि जिवंत मागे यायचं.

टी ची रड वेगळी. ए घ्यायला स्टेअर्स, जंगल आणि सीटी (इथे जागेचं नाव) असे तीन स्मोक (धुराचे ग्रेनेड) लागतात आणि एकाकडे एकच स्मोक राहतो. पाचांत तिघं फेकतात, दोघं शिरतात. चारांत शिरणारा एकटा उरतो, कारण बाकी तिघांच्या हातात अजून ग्रेनेडच असतात. म्हणून आधी तिन्ही स्मोक पडू द्या, सगळे रॅम्प-पॅलेसला जमा, मग एकदम आत. लर्कर (टीमपासून लांब एकटा फिरणारा) विसरा.

पहिला किलही जड होतो. ढोबळमानाने ताकद संख्येच्या वर्गाइतकी धरली, तर ५ वि. ४ म्हणजे २५ ला १६, दीडपटीच्या जरा वर. ४ वि. ३ म्हणजे १६ ला ९, थेट पावणेदोनपटीच्या पुढे. एकतर्फी राउंड वाढणार, हे धरून चाला.

इको_सम्राट
पैशांना हात लावू नका. राउंड हरल्यावर मिळणारे १४०० ते ३४०० माणशी असतात. किलचेही माणशी जवळपास तेवढेच पडतात, कारण बंदूक घटली तसा समोरचा देहही घटला. फरक पडतो तो ड्रॉपमध्ये (सोबत्याला बंदूक घेऊन देण्यात). चौघांतल्या एकाने ४७५० ची ऑप (AWP स्नायपर रायफल) घेतली की टीमच्या पाकिटाचा मोठा लचका जातो, आणि ऑपच्या किलला १०० च मिळतात. दोन लागोपाठ राउंड जिंकल्याशिवाय ऑप नको.

राउंडची वेळही १:५५ च ठेवा. माणसं कमी म्हणून वेळ कमी करायचा मोह होतो, पण कोपरे तपासायला चौघांना उलट जास्त वेळ लागतो. विंगमनमध्ये (२ वि. २ चा मोड) १:३० पुरते, कारण तिथे साइटच एक असते.

बनाना_कंट्रोल
मी असतो तर सहा-सहाच्या चार टीम केल्या असत्या. पाच खेळतील, एक बदली. कुणी उरत नाही.

"मोठ्या लीगनेही चार केले" असं कुणीतरी म्हणेलच. कॉल ऑफ ड्यूटी लीगचा २०२० चा सीझन ५ वि. ५ होता, २०२१ पासून ४ वि. ४ झाला, हे खरं. पण तिथल्या हार्डपॉइंट मोडमध्ये मेलेला लगेच रीस्पॉन होतो, म्हणजे पुन्हा जिवंत होऊन खेळतो. सीएसमध्ये तो राउंडभर बसतो. ओव्हरवॉच २ ने २०२२ मध्ये सहाचे पाच करताना एक टँक (मार झेलणारं पात्र) काढला, तेव्हा ओरिसा हे पात्र नव्याने बनवावं लागलं, डूमफिस्ट या पात्राला डॅमेजमधून टँकमध्ये आणावं लागलं. नुसता आकडा बदलून भागलं नाही.

चारच करायचे असतील तर इन्फर्नो मॅप वगळा. बनानाला (बी कडच्या वाटेला) दोन सीटी गेले की ए कडचे पिट, शॉर्ट आणि अपार्टमेंट्स बघायला दोघंच उरतात, आणि तिथला रोटेशन (एका साइटवरून दुसरीकडे जाणं) लांब. न्यूक ठेवा, साइट एकावर एक असल्याने हाक मारली की माणूस पोचतो.

निळा_स्मोक
सहा-सहाचा विचार केला होता, पण चार टीमच्या साखळीत सहा मॅच आणि फायनल, सगळ्या एकामागून एक. तासाला एक धरली तरी सात तास. चारच्या सहा टीमचे दोन गट केले तर साखळी तीन तासांत, सेमी एकदम, मग फायनल, म्हणजे पाच तास. चारच करतो. मॅप मिराज, न्यूक आणि?

आधी_ट्रेड
ओव्हरपास. सीटीचा रोटेशन टी पेक्षा छोटा.

इको_सम्राट
एक गोष्ट राहतेय. १६ पीसीवर १६ जण बसले की सर्व्हरला मशीन उरत नाही. खेळणाऱ्याच्याच पीसीवर सर्व्हर चालवू नका, त्याला पिंगचा फायदा मिळतो आणि त्याचा गेम बंद पडला की मॅच जाते. वेगळा लॅपटॉप घ्या, त्यावर दोन सर्व्हर, एक २७०१५ पोर्टवर, दुसरा २७०१६ वर. ऑटो-बॅलन्स (टीम आपोआप सारख्या करणं) बंद, बॉट (कॉम्प्युटरचे खेळाडू) शून्य. आणि स्विच १६ पोर्टचा असेल तर तो खेळाडूंनीच भरला. लॅपटॉपची एक वायर, स्टीम लॉगिनसाठी राउटरची एक, म्हणजे १८. सरळ २४ पोर्टचा मागवा.