भारती आचरेकर: टीव्हीने एक गायिका गिळली का?

गवतीचहा
परवा झोप येईना म्हणून 'लंचबॉक्स' परत लावला. त्यातल्या देशपांडे आंटी आठवतायत ना, वरच्या मजल्यावरनं दोरीने टोपली सोडणाऱ्या? अख्ख्या पिक्चरमध्ये बाई एकदाही दिसत नाही, नुसता आवाज. तो भारती आचरेकरांचा. आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागला, की अरे ही गायिका माणिक वर्मांची मुलगी, घरात किराणा घराण्याचं गाणं, सुरुवात 'धन्य ते गायनी कळा' या संगीत नाटकातनं आणि त्याला संगीत कुणाचं तर भीमसेन जोशींचं! एवढं सगळं असून आपण तिला ओळखतो कशी, तर 'वागले की दुनिया' मालिकेतली राधिका वागले. 1988 ला दूरदर्शनवर वागल्यांची बायको आणि 2021 ला परत तीच राधिका, आता सासू होऊन. माझं मत, टीव्हीने एक गायिका गिळली. पटत नसेल तर या भांडायला.

तिसरीघंटा
आलो. गिळली म्हणजे काय, बाई काय पेढा आहे का? टीव्ही आला तेव्हा संगीत रंगभूमी आधीच खोकत होती. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 1972 ला. त्याच्या आधी 1967 ला 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक आलं, त्यात फैयाज गायच्या पण आणि कामही कसलं करायच्या, पण तशी नाटकं वर्षाला किती येत होती? ज्या पोरीला गाता पण येतं आणि अभिनय पण येतो तिने जायचं कुठे होतं? आणि 1988 चं 'वागले' आठवड्यातनं एकदा लागायचं, त्याने कुणाचा रियाज बुडाला हे मला तरी पटत नाही.

मिरचीकांदा
आणि त्यांच्याच घरातलं उदाहरण घ्या की. बहीण राणी वर्मा, त्यांनी गाणंच धरलं. आता तुमच्या ऑफिसात दहा जणांना विचारा राणी वर्मा कोण, मग विचारा वागलेची बायको कोण. गाणं न सोडणाऱ्यांना आपण काय दिलं ते आधी बघू, मग सोडणाऱ्यांच्या नावाने गळा काढू.

सांजवात
मी गवतीचहाच्या बाजूने. 1988 चं सोडा, आत्ताची डेली सोप बघा. माझी मामेबहीण घोडबंदर रोडवरच्या एका सेटवर छोटे रोल करते, दहा वर्षं गाणं शिकलेली. सकाळी सातला पिकअप, बारा तासांची शिफ्ट आणि ती बारावर कधीच थांबत नाही. मेकअप रूममध्ये मोबाईलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून बसते, जरा कुठे षड्ज लागतोय तोवर दारावर टकटक, "मॅडम शॉट रेडी". संध्याकाळी रडारडीचा सीन तीनदा दिला की गळ्याचं पार वाटोळं. रविवारी क्लासला गेली तर गुरुजी म्हणाले तू आता नुसतं ऐकत बस. हे गिळणं नाही तर काय?

तिसरीघंटा
वाईट वाटलं वाचून, खरंच. पण ती आचरेकरांची गोष्ट नाही ना.

पाटावरवंटा
मला वाटतं सगळेच चुकताय. गाणं गेलंच नाही कुठे. 'लंचबॉक्स'मध्ये चेहरा नाही, हावभाव नाहीत, काही म्हणजे काही नाही, तरी ती आंटी किती वयाची, नवरा अंथरुणाला खिळलाय त्याचा तिला किती कंटाळा आणि किती माया, सगळं नुसत्या हेलातनं कळतं. सूर पक्का असल्याशिवाय हे होत नाही.

गवतीचहा
छान आहे, पण ही समजूत झाली. प्रशांत दामले 'एका लग्नाची गोष्ट'मध्ये स्टेजवर "मला सांगा सुख म्हणजे" गातात तेव्हा आपण म्हणतो का की गाणं त्यांच्या हेलात आहे? तिथे आपल्याला गाणंच हवं असतं, वर वन्समोर. बाईच्या बाबतीतच हेलावर भागवायचं होय?

मिरचीकांदा
हा मुद्दा लागला. पण मग नेहा सरगम? पाटण्याची मुलगी, 2012 च्या 'रामायण' मालिकेतली सीता. तीच नंतर फिरोज अब्बास खान यांच्या 'मुघल-ए-आझम'मध्ये अनारकली होऊन स्टेजवर लाइव्ह गायली. आणि तिच्यासोबत आलटून पालटून तोच रोल करणारी आपली प्रियांका बर्वे, गायिका मालती पांडे-बर्वेंची नात. म्हणजे टीव्ही करूनही गाता येतं की.

गवतीचहा
ते 2016 ला! एवढा पैसा लावून कुणीतरी स्टेज उभं केलं म्हणून. 1988 ला असं काय होतं?

तिसरीघंटा
मी वर दुसरं काय म्हणालो? 😀 स्टेज नव्हतं. टीव्हीने नाही गिळली, आपण तिकिटं काढली नाहीत. आणि गंमत म्हणजे याच बाई 'हमीदाबाईची कोठी'त होत्या, म्हणजे समोर बसून गाणं ऐकणारे संपले की कोठीचं काय होतं ते नाटक. बरं एक सांग, तू त्यांचं गाणं ऐकलंयस का कधी?

गवतीचहा
...नाही. माणिकताईंचं "सावळाच रंग तुझा" पाठ आहे, पण यांचं नाही ऐकलं.

सांजवात
मी पण नाही.

पाटावरवंटा
🙋 नाही.

तिसरीघंटा
मीही नाही, लपवत नाही. कुणाच्या घरी 'धन्य ते गायनी कळा'ची कॅसेट, टेप काही पडलंय का? माळ्यावर बघा जरा.