चर्चा: ग्रॅम्बलिंगचा फुटबॉल इंटिग्रेशनमुळे संपला का?

माणदेशी_मंदार
अमेरिकन फुटबॉल बघणारे इथे किती आहेत माहीत नाही, तरी विषय काढतोच. लुइझियानाच्या उत्तरेला ग्रॅम्बलिंग नावाचं छोटं गाव आहे, तिथे कृष्णवर्णीयांची युनिव्हर्सिटी. १९४१ मध्ये तिथे एडी रॉबिन्सन नावाचा २२ वर्षांचा पोरगा कोच म्हणून आला, त्याआधी बॅटन रूजला पशुखाद्याच्या मिलमध्ये कामाला होता. पहिल्या सीझनला ३ जिंकल्या, ५ हरल्या. दुसऱ्या वर्षी ९ पैकी ९ जिंकल्या आणि अख्ख्या सीझनमध्ये समोरच्यांना एक पॉइंट करू दिला नाही! बाहेरगावी मॅच असली की पोरांसाठी सँडविच बांधून न्यायचा, कारण वाटेतल्या हॉटेलांत ह्यांना कोणी बसू द्यायचं नाही. १९९७ पर्यंत तिथेच राहिला, ४०८ मॅच जिंकला.

आता सगळे म्हणतात की इंटिग्रेशन झालं, म्हणजे गोऱ्या कॉलेजांची दारं कृष्णवर्णीयांना उघडली आणि ग्रॅम्बलिंग आपोआप मागे पडलं. मला हे अर्धवट वाटतं. दारं उघडली ते योग्यच झालं, पण उघडली फक्त खेळाडूंसाठी. अलाबामा युनिव्हर्सिटीच्या टीममधून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू सीझनच्या मॅचमध्ये उतरला १९७१ ला, आणि एसईसी ह्या दक्षिणेतल्या बलाढ्य कॉन्फरन्सला (कॉलेजांचा गट, अलाबामा त्यातच) पहिला कृष्णवर्णीय हेड कोच मिळाला तो सिल्व्हेस्टर क्रूम, मिसिसिपी स्टेटला, २००४ च्या सीझनला. मधल्या ३३ वर्षांत रॉबिन्सनसारखी माणसं होती ना डोळ्यांसमोर. पोरं नेली, शिकवणारे तिथेच ठेवले.

सातपुडा
असहमत. ह्यात जुन्या दिवसांचे फार गोडवे गायले जातायत. पोरांना जास्त चांगलं मैदान, टीव्ही, मोठी स्कॉलरशिप मिळत असेल तर त्यांनी परंपरेसाठी ग्रॅम्बलिंगला थांबायचं का? आणि ४०८ चं कौतुक करताना हेही बघा की तो लहान लीगमध्ये खेळला. १९८५ ला डॅलसमध्ये प्रेअरी व्ह्यूला हरवून त्याने अलाबामाचा कोच बेअर ब्रायंटचा ३२३ विजयांचा रेकॉर्ड मोडला. ब्रायंट अलाबामाला कोणाविरुद्ध खेळत होता आणि हा कोणाविरुद्ध, तुलना तरी होते का. शेवटची दोन्ही वर्षं ३ जिंकल्या, ८ हरल्या अशी गेली, तेव्हा तर त्याने आधीच थांबायला हवं होतं.

राधिका_ह्यूस्टन
सातपुडा, "लहान लीग" हे वाक्य मला खरंच पटत नाही. त्या ब्लॅक कॉलेजांच्या लीगमध्ये समोर कोण होतं बघा की. जॅक्सन स्टेटकडून वॉल्टर पेटन, साउदर्नकडून मेल ब्लाउंट, दोघं पुढे प्रो हॉल ऑफ फेममध्ये. आणि ग्रॅम्बलिंगचे स्वतःचे विली डेव्हिस, विली ब्राउन, चार्ली जॉइनर, बक ब्यूकॅनन, हेही तिथेच. ब्यूकॅनन तर १९६३ ला एएफएल ह्या तेव्हाच्या प्रो लीगच्या ड्राफ्टमध्ये (टीम्स कॉलेजची पोरं निवडतात ती फेरी) सगळ्यात पहिला निवडला गेला. टँक यंगर १९४९ ला लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळला, ब्लॅक कॉलेजमधून एनएफएल ह्या मुख्य प्रो लीगमध्ये गेलेला पहिला माणूस. लीग लहान नव्हती, वेगळी ठेवलेली होती.

आणि क्वार्टरबॅकचं, म्हणजे टीमचा खेळ चालवणाऱ्या खेळाडूचं, तर बोलायलाच हवं. तेव्हा प्रो टीम्स कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला सरळ दुसऱ्या जागेवर खेळवायच्या, जणू डोक्याचं काम ह्यांना जमणारच नाही. रॉबिन्सनने जेम्स हॅरिसला क्वार्टरबॅक म्हणूनच घडवलं आणि १९६९ ला बफेलोच्या प्रो टीमने त्याला सीझनच्या पहिल्याच मॅचला उतरवलं. मग डग विल्यम्स. जानेवारी १९८८ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, वॉशिंग्टन ४२, डेन्व्हर १०, एकट्या दुसऱ्या क्वार्टरमध्येच ३५ पॉइंट्स, आणि एमव्हीपी (मॅचचा सर्वोत्तम खेळाडू) हाच ग्रॅम्बलिंगचा पोरगा. मी ती मॅच नंतर कितीदा बघितलीय, दरवेळी अंगावर काटा येतो.

सातपुडा
पेटन आणि ब्लाउंटचं मान्य, लीगबद्दल मी घाईने बोललो नाही पण तुमचा मुद्दा वजनदार आहे. तरी १९८५ पर्यंत तसे खेळाडू बऱ्यापैकी मोठ्या कॉलेजांत जायला लागले होते हेही लक्षात घ्या. माझा मूळ प्रश्न तसाच आहे. खेळाडूने स्वतःचं करिअर बघू नये का?

माणदेशी_मंदार
बघावं की, कोण नाही म्हणतंय. पण दोन्हीकडचं मैदान सारखं आहे का? २०१३ ला ग्रॅम्बलिंगच्या पोरांनी जॅक्सन स्टेटच्या मॅचला जायलाच नकार दिला, मॅच सोडून द्यावी लागली. तक्रारी काय तर इमारतीत बुरशी, खराब सोयी, आणि कॅन्सस सिटी, इंडियानापोलिसपर्यंत बसने प्रवास. त्याआधीच्या काही वर्षांत राज्याने युनिव्हर्सिटीचा निधी निम्म्याहून जास्त कापला होता. ह्याला इंटिग्रेशन म्हणत नाहीत, ह्याला पैसे न देणं म्हणतात.

विहीर_आणि_मोट
मग डिऑन सँडर्ससारखा एनएफएल गाजवलेला मोठा माणूस कोच म्हणून आला की सगळं बदलतं ना? त्याने जॅक्सन स्टेटला हायस्कूलमधला टॉपचा पोरगा ट्रॅव्हिस हंटर आणून दाखवला, ज्याने फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द मोडला. एका माणसाने इतकं केलं तर बाकीच्या कॉलेजांनी नुसतं सरकारकडे बोट का दाखवायचं?

राधिका_ह्यूस्टन
आणि २०२२ च्या शेवटी सँडर्स कोलोरॅडोला गेला, हंटर त्याच्या मागे गेला, २०२४ ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूची) तिथे जिंकला. दोघांना दोष नाही देत मी. पण एका नावावर उभी राहिलेली टीम ते नाव गेलं की काय करणार? रॉबिन्सनने दर वर्षी नवी पोरं घेऊन तेच केलं, पन्नासहून जास्त सीझन, त्याच गावात.

सातपुडा
पैशाच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूला. २०२३ ला केंद्र सरकारने १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली की तुमच्या ब्लॅक लँड-ग्रँट (सरकारी जमिनीच्या अनुदान योजनेतल्या) युनिव्हर्सिट्यांना मिळून १२ अब्ज डॉलरहून जास्त कमी दिलेत, त्यात लुइझियानाही होतं, साउदर्नसाठी. ग्रॅम्बलिंग त्या हिशेबात येत नाही, पण राज्य तेच. मात्र उद्या सगळे पैसे मिळाले तरी हायस्कूलमधला टॉपचा पोरगा अलाबामा सोडून ग्रॅम्बलिंगला येईल ह्यावर माझा विश्वास नाही, आणि तो आलाच पाहिजे असं म्हणायचा हक्क आपल्याला कोणी दिला हेही मला अजून कळलेलं नाही.

माणदेशी_मंदार
पोराने यावंच असं मी कुठे म्हटलंय, वर परत वाचा. माझा प्रश्न कोचेसचा होता आणि त्यावर अजून कोणीच उत्तर दिलेलं नाही. १९७१ ते २००४.