ओरिओल्सचे २०२३ चे १०१ विजय: दम होता की दैव?

उंबरठा
अमेरिकी बेसबॉलमधल्या बाल्टिमोर ओरिओल्सचा २०२३ चा हंगाम म्हणजे नुसतं नशीब, असं म्हणायची आता टूम निघाली आहे. २०२५ मध्ये संघ ७५-८७ वर घसरल्यापासून तर जरा जास्तच. मला हे पटत नाही. २०२१ मध्ये ५२ विजय, २०२२ मध्ये ८३, २०२३ मध्ये १०१. टॅम्पा बे रेजचे ९९ विजय असताना त्यांना मागे टाकून विभाग जिंकला. मे २०२२ च्या मध्यापासून २०२३ ची साखळी संपेपर्यंत सलग ९१ मालिकांत एकाही संघाला यांना सगळे सामने हरवून घरी पाठवता आलं नाही. गनर हेंडरसन २८ होमरन (चेंडू थेट कुंपणापार) मारून एकमताने रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित). हंगामाचे १६२ सामने दैवावर निघत नाहीत. संघ खणखणीत होता, माती केली ती पिचर (चेंडू टाकणारे) विकत न घेणाऱ्या व्यवस्थापनाने.

बेसुमार
१६२ निघत नाहीत, पण सात विजय निघतात. केलेल्या आणि दिलेल्या रनवरून विजयांचा अंदाज काढायचं एक सूत्र आहे, कागद-पेन्सिल घ्या. केलेल्या रन ८०७, दिलेल्या ६७८. ८०७ चा वर्ग ६,५१,२४९ आणि ६७८ चा ४,५९,६८४. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा: ०.५८६. गुणिले १६२, म्हणजे ९५ विजय. घातांक २ ऐवजी १.८३ धरला (बेसबॉलला तोच जास्त जुळतो) तर ९४.

आता दुसऱ्या वाटेने या. एका रनने सुटलेले सामने ३०-१६. हे ४६ सामने निम्मे-निम्मे झाले असते तर २३ विजय. १०१ वजा ७, पुन्हा ९४. ९४ चा संघ वाईट नाही हो, पण विभाग रेजनेच नेला असता.

आडवाट
बेसुमार, हिशेब बरोबर, पण त्यात एक गृहीत लपलंय: प्रत्येक रनची किंमत सारखी. बुलपेनमध्ये (सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्या रिलीव्हरांत) तसं नसतं. संघ आघाडीवर असला की नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये येनियर कॅनो, नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये फेलिक्स बाउटिस्टा. पाच रनने मागे असलो की पाचवा-सहावा रिलीव्हर, आणि त्याला मार बसत असला तरी मॅनेजर काढत नाही, कारण चांगल्याचा हात उद्यासाठी राखायचा असतो. म्हणजे हरलेल्या सामन्यांत रन ढिगाने जातात, जिंकायच्या सामन्यांत जात नाहीत. सूत्र दोन्ही एकाच पोत्यात भरतं. ज्यांचे शेवटचे दोन पिचर असे असतात ते संघ सूत्राच्या पुढे पळतात, त्यात दैव कमी आणि मांडणी जास्त.

बाउटिस्टाचे आकडे: ६१ इनिंग, ११० स्ट्राइकआउट, ३३ सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने), ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरच्या रन) १.४८. एकूण १८३ आउटपैकी ११० जणांना चेंडू मैदानात मारताच आला नाही.

बेसुमार
मान्य. पण मग तुम्हीच सांगताय की ते सात विजय बाउटिस्टाच्या एका कोपरावर उभे होते. २५ ऑगस्टला ते कोपर गेलं.

आडवाट
गेलंच. त्याचा चेंडू ताशी शंभर मैलांच्या आसपास, आणि त्याच वेगाच्या हालचालीतून सोडलेला स्प्लिटर (बॅटरसमोर अचानक खाली पडणारा चेंडू). कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट दंडाचं हाड आणि खालचं हाड यांना बांधून ठेवतं. हात मागून पुढे झेपावतो त्या क्षणी सगळा ताण त्याच्यावर येतो. ते फाटलं की टॉमी जॉन शस्त्रक्रिया: मनगटाजवळचा किंवा मांडीमागचा स्नायुबंध काढायचा, दोन्ही हाडांत भोकं पाडून त्यातून ओवायचा. परत यायला साधारण १२ ते १८ महिने. बाउटिस्टाचं २०२४ पूर्ण गेलं. त्याच वर्षी काइल ब्रॅडिश, जॉन मीन्स आणि टायलर वेल्स, तिघांच्याही कोपरांवर शस्त्रक्रिया. ब्रॅडिश म्हणजे २०२३ चा सर्वोत्तम स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर), ईआरए २.८३.

उंबरठा
म्हणजे माझाच मुद्दा झाला. टेक्सास रेंजर्सनी २०२३ च्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) ३-२, ११-८, ७-१ असं गुंडाळलं. दुसऱ्या सामन्यात ग्रेसन रॉड्रिगेझ आणि तिसऱ्यात डीन क्रेमर, दोघांनाही दुसरी इनिंग पुरी करता आली नाही. दुसऱ्या सामन्यात ११ वॉक! फुकट ११ जण पहिल्या बेसवर, पुढे ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन). १ ऑगस्टला खेळाडूंचा बाजार बंद होण्याआधी पिचर म्हणून जॅक फ्लॅहर्टी आणला, त्याचा बाल्टिमोरमधला ईआरए सहाच्या वर. राखीव संघांतली कच्ची पोरं जपली, पिकलेला माल घेतला नाही.

तिसरा_बेस
पहिल्या सामन्याचं खापर पिचरवर नको. एका रनने मागे, नववीत हेंडरसनने सुरुवातीलाच सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा फटका) मारली आणि दुसऱ्या बेसकडे धावताना आउट झाला. इशारा नीट पोचला नव्हता. बरोबरीची रन तिथेच मेली.

बेसुमार
@उंबरठा, "पिकलेला माल" नंतर घेतलाच की. फेब्रुवारी २०२४ ला कॉर्बिन बर्न्स आला, १९४ इनिंग, ईआरए २.९२. ऑक्टोबरमध्ये प्लेऑफमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने आठ इनिंगमध्ये एक रन दिली आणि संघ ०-१ हरला. दुसरा सामना १-२. दोन सामन्यांत मिळून एक रन करणाऱ्यांना कोणता पिचर वाचवणार? आणि पुढच्या हिवाळ्यात त्याला धरून ठेवायला हवं होतं म्हणाल, तर त्याने ॲरिझोनाशी ६ वर्षांचा २१ कोटी डॉलरचा करार केला आणि जून २०२५ ला त्याचंही कोपर गेलं.

उंबरठा
ते जूनमध्ये कळलं, डिसेंबरमध्ये नाही. त्याच्या बदल्यात एकेका वर्षाच्या करारावर कोण आणले? ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन आणि ३५ चा तोमोयुकी सुगानो. १५-२८ झाल्यावर मॅनेजर ब्रँडन हाइडला नारळ दिला, म्हणजे आचाऱ्याला काढलं आणि वाणसामान तेच. दोनच वर्षांपूर्वी हाच माणूस मॅनेजर ऑफ द इयर होता.

तिसरा_बेस
भिंतीबद्दल कोणीच बोलत नाही. २०२२ च्या आधी कॅमडेन यार्ड्सची (ओरिओल्सच्या घरच्या मैदानाची) डावीकडची भिंत सुमारे २६ फूट मागे नेली आणि ७ फुटांची १३ फूट केली. उजव्या हाताचा बॅटर जोर लावून मारतो ती हीच बाजू, त्याचे होमरन तिथे झेल होऊन पडायचे. फायदा पिचरचा. २०२३ च्या त्या ६७८ मध्ये या भिंतीचाही वाटा आहे. २०२५ ला भिंत पुन्हा आत आणली आणि तिच्यासमोर उभे केले मॉर्टन नि सुगानो.

आडवाट
हेंडरसन डाव्या बाजूने बॅटिंग करतो, त्याला या भिंतीने फारसं अडवलं नाही. बाकी मुद्दा रास्त. पण मग २०२३ चे घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढून मांडा, नाहीतर ९४ च्या हिशेबात भिंतही मोजायला लागेल.